थर्मल लेन्स, साधा कॅमेरा आणि नागपूरचं ऊन: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

साध्या डीएसएलआरला जर्मेनियमची थर्मल लेन्स, म्हणजे उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स, बसवली की फोटो पूर्ण काळा येतो. आयएसओ चढवा, शटर मिनिटभर उघडं ठेवा, काळाच. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर १.१ मायक्रॉन तरंगलांबीच्या पुढचं पाहत नाही आणि जर्मेनियम साधारण १.८ मायक्रॉनच्या आतलं काही पलीकडे जाऊ देत नाही. भिंत, माणूस, मोटर यांची उष्णता तर ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात असते. जुनी थर्मल लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून कॅमेऱ्यासाठी घेऊ नका, पैसे बुडतील.

७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर ही वेगळीच गोष्ट. त्याने झाडाची पानं पांढरी दिसतात, उष्णता दिसत नाही. घरीच तपासून बघा: टीव्हीच्या रिमोटचा दिवा बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चमकताना दिसतो, पण पोळ्यांचा तापलेला तवा अंधारात अजिबात दिसत नाही.

म्हणून फोनच्या टाइप-सी पोर्टला लागणारा थर्मल कॅमेरा घेतला, २५६ × १९२ पिक्सेलचा, ५६ अंशांच्या कोनाचा. यात मायक्रोबोलोमीटर असतो, म्हणजे उष्णतेने रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्यांचा सेन्सर. उष्णता मोजतो तो हा सेन्सर, लेन्स फक्त तिथवर पोचवते. फोनचं कव्हर जाड असेल तर प्लग पूर्ण बसत नाही आणि ॲप 'डिव्हाइस नाही' म्हणतं. वीतभर एक्स्टेन्शन केबल सोबत ठेवा. काही फोनमध्ये ओटीजी (बाहेरचं यंत्र जोडायची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं.

२५६ पिक्सेल म्हणजे किती, याचा हिशोब घेण्याआधीच करा. ३ मीटरवरून चित्राची रुंदी सुमारे ३.२ मीटर, म्हणजे एक पिक्सेल साडेबारा मिलिमीटरचा. आकडा भरवशाचा हवा तर वस्तूवर निदान ३ × ३ पिक्सेल पडायला हवेत. एमसीबीचा (बोर्डातल्या सुरक्षा-स्विचचा) ५ मिलिमीटरचा स्क्रू ३ मीटरवरून मोजताच येत नाही. ४० सेंटिमीटरवर यावं लागतं. बोर्ड चालू असताना इतकं जवळ जायचं तर वायरमनला सोबत घ्या. स्क्रू धातूचा आणि चकचकीत असतो, तो स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे आकडा खोटा येतो. शेजारचं वायरचं इन्सुलेशन पाहा. आणि तिन्ही फेजवर सारखा लोड असताना त्यांची आपसात तुलना करा, एकट्या आकड्याला अर्थ नाही.

हीच चूक टिनाच्या पत्र्यावर सर्वांत जास्त होते. मे महिन्यात हात लावला तर चटका बसेल असा नवा पत्रा स्क्रीनवर थंड, निळा दिसतो, कारण त्यात निरभ्र आकाशाचं प्रतिबिंब असतं. पत्र्यावर काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवा, मिनिटभर थांबा, ॲपमध्ये एमिसिव्हिटी (वस्तू स्वतःची उष्णता किती फेकते ते प्रमाण) ०.९५ ठेवून टेपवरचा आकडा घ्या. काचेतून काही दिसत नाही, खिडकी उघडावीच लागते.

दुपारी ४५ अंशांत माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो, ते बरोबरच आहे. पण कॅमेरा एसी खोलीतून थेट गच्चीवर नेला तर आकडे दहाएक मिनिटं सरकत राहतात. मधूनमधून टक् असा आवाज येतो, ते आतलं शटर स्वतःला जुळवून घेतंय. तेवढा वेळ थांबा. जर्मेनियमचा अपवर्तनांकही उष्णतेबरोबर बराच बदलतो, म्हणून उन्हात फोकस सरकतो. फिरवायची फोकस रिंग असलेलं मॉडेल घ्यावं, हे ठामपणे सांगतो.

नागपूरसाठी याचा सर्वांत चांगला उपयोग कूलरला. पंखा आणि पंप चालू करून १५ मिनिटांनी ताट्यांकडे, म्हणजे गवताच्या पॅडकडे, बाहेरून पाहा. ओला भाग गार दिसतो आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे उभे गरम पट्टे. वर पाण्याच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, सुईने मोकळी करा. गवत दबून खाली बसलं असेल तर वरची कड सगळीकडे सारखीच गरम दिसते. पॅड बदलायचा की नुसती नळी साफ करायची, हे पाच मिनिटांत कळतं.

स्लॅबच्या गळतीत मात्र जपून. ओल सुकताना गार डाग दिसतो, पण एसीच्या हवेचा झोतही तसाच डाग पाडतो. कॅमेरा ओल पाहत नाही, तापमान पाहतो. मॉइश्चर मीटरने खात्री केल्याशिवाय फरशी उखडू नका. सोलर पॅनल भर उन्हात, लोड चालू असताना आणि शक्यतो समोरून पाहा. फार तिरपं पाहिलं तर काचेत आकाश दिसतं.

सर्किट बोर्डासाठी सीओ२ लेझर कटरची झिंक सेलेनाइडची लेन्स उत्तम चालते: २० मिलिमीटर व्यासाची, ५०.८ मिलिमीटर फोकसची. थर्मल कॅमेऱ्याचा फोकस दूरवर ठेवा, ही लेन्स कागदी किंवा थ्रीडी प्रिंटच्या रिंगमध्ये पुढे धरा, बोर्ड ५ सेंटिमीटरवर आणा. शॉर्ट झालेला सूक्ष्म कपॅसिटरही ओळखू येतो. आकडा कमी येतो, कारण जादा लेन्स मध्ये आली. जागा शोधायला वापरा, मोजायला नको. ही पिवळी लेन्स साध्या कॅमेऱ्याला लावली तर पिवळं चित्र येतं, आणि ते थर्मल चित्र समजून लोक फसतात. पदार्थ मऊ आहे, शर्टाने पुसलात की ओरखडे. आधी ब्लोअर, मग लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल, न दाबता. फुटली तर तुकडे उघड्या हाताने उचलू नका, भुकटी विषारी असते.

शेवटचं, फोटो पाठवताना. ॲप तापमानाचा डेटा जेपीजीच्या आतच ठेवतं आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो निघून जातो, फक्त रंग उरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.