टाळ-मृदंगाच्या नावाखाली आमची लेकरं नेली

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या वडवणी तालुक्यातलं अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतं आणि लेकरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. हे नीट माहीत असलेल्या माणसानेच आम्हाला फसवलं.

श्रावणातल्या सप्त्यात तो आला. गळ्यात तुळशीची माळ, शब्दाशब्दाला 'माउली'. एक पंगत त्याने स्वतःच्या पैशाने दिली. म्हणाला, "आळंदीजवळ आमच्या महाराजांचा आश्रम आहे. शाळा, जेवण, मृदंग, गायन, सगळं फुकट." जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून खेड्यातली पोरं तिकडे शिकायला जातात. शंका घ्यावी असं त्यात काही नव्हतं. माझ्या भाच्यासह चार पोरं त्याच्याबरोबर गेली. प्रवेशासाठी म्हणून त्याने आईबापांच्या सह्या-अंगठे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर घेतले. शाळेचे दाखलेही काढून नेले. दाखला निघाला की हजेरीपटावरून नाव जातं, मग लेकरू कुठे आहे हे विचारणारं कुणी उरत नाही.

फोन यायचा तो स्पीकरवर. "बरा आहे, अभ्यास चालू आहे," एवढंच भाचा बोलायचा. एकदा बहीण म्हणाली, "कोणता अभंग शिकलास? म्हणून दाखव की." फोन कट झाला. पुढे तो नंबरच बंद पडला.

पोरं पुण्याच्या बाजूला एका फरसाणच्या कारखान्यात होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत कढईपुढे. आईबापांनी लेकरांवर उचल, म्हणजे कामापोटी आगाऊ पैसे, घेतली आहे, असं त्याच स्टॅम्पपेपरवर मागाहून लिहून मालकाला दिलेलं होतं.

सोडवलं ते तिथे पहाटे काकड आरती करणाऱ्या मंडळींनी. कार्तिकात पहाटे पाणी आणायला बाहेर पडलेला भाचा देवळाच्या पायरीशी थांबून चाल गुणगुणायचा. एका वयस्कर टाळकऱ्याने ते हेरलं. शाळेच्या वयाचं पोर इतक्या पहाटे कामावर, हातावर तेलाने पोळल्याचे डाग, आणि "कुठला रे तू बाळा?" विचारलं की आधी मागे वळून बघतं. त्या टाळकरी बाबांनी खोदून विचारलं नाही. मालकाला जाब विचारायलाही ते गेले नाहीत, आणि हेच मला फार मोलाचं वाटतं. तिथे भांडण झालं असतं तर पोरं रातोरात दुसरीकडे हलवली असती. त्यांनी गुपचूप १०९८ या चाइल्डलाइनला फोन लावला. पोलीस आले, पोरं बाल कल्याण समितीपुढे उभी राहिली आणि मगच आम्हाला कळलं.

इकडे तक्रारीला गेलो तर "हद्द आमची नाही" असं ऐकावं लागलं. तसं सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाच्या तस्करीला किमान १० वर्षांची शिक्षा आहे, आणि मूल राजीखुशीने गेलं होतं ही सबब चालत नाही. 'उचल फेडा' म्हणून मालकाचा माणूस बहिणीच्या दारात येऊन गेला. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असलं कर्ज मुळातच रद्द ठरतं, हे वकिलाने सांगेपर्यंत बहिणीच्या पोटात अन्नाचा कण जात नव्हता.

आता आमच्या भजनी मंडळाने ठरवलंय की लेकरं न्यायला कुणीही आलं तरी आधी संस्थेच्या नोंदणीची प्रत मागायची आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात ती खरी आहे का ते विचारायचं. निराधार, गरजू मुलं ठेवणाऱ्या संस्थेला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागतेच. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, आणि आपल्यातलं कुणीतरी जाऊन जागा बघून आल्याशिवाय लेकरू गाव सोडणार नाही. काल्याच्या कीर्तनात महाराज हे स्वतः सांगतात. आसपासच्या मशिदीत आणि बुद्धविहारातही आम्ही जाऊन बोललो, कारण माळ काढून दुसरा वेष घालायला त्याला किती वेळ लागणार?

तो अजून सापडलेला नाही. चाळिशीचा, सडपातळ, आवाज गोड, गवळण फार सुंदर म्हणतो, आणि आपला फोटो काढू देत नाही. तुमच्या सप्त्यात असा कुणी लेकरांची चौकशी करताना दिसला तर त्याला गोड बोलून बसवून ठेवा आणि ११२ ला फोन करा.