गळा, पेटी आणि तबला एकदम रेकॉर्ड करायचंय? बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडी

घरी मित्रमंडळींचा अल्बम करायचा म्हटलं की बहुतेक जण दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) घेतात आणि तबल्यापाशी अडतात. तबल्यालाच दोन माइक लागतात, मग गळा आणि पेटी उरते. एकेक वाद्य पाळीपाळीने भरता येतं, पण समेवर येताना गाणारा आणि तबलजी एकमेकांकडे बघत नसतील तर ते गाण्यात ऐकू येतं. त्यामुळे ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये तिघांनी बसून रेकॉर्डिंग करायचं असेल, तर चार इनपुटचा यूएमसी ४०४ एचडीच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकट्यानेच गिटार घेऊन गाणाऱ्याला दोन इनपुटचा पुरतो.

चारही चॅनेलना मायडास या कंपनीने डिझाइन केलेले प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे) आहेत आणि प्रत्येकाला वेगळा गेन (आवाज किती वाढवायचा ते) व पॅड (फार मोठा आवाज कमी करणारं बटण). रेकॉर्डिंगची बारकाई २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाते, पण त्या आकड्याच्या मागे लागू नका; ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. त्यात चार ट्रॅक मिनिटाला साधारण ३५ एमबी खातात. पाच मिनिटांच्या गाण्याचे दहा टेक घेतले तरी पावणेदोन जीबीच्या आत काम होतं.

पहिल्या इनपुटला गळा: कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपतो, पण त्याला इंटरफेसकडून वीज लागते), तोंडापासून वीसेक सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी). दुसऱ्याला पेटी: माइक पट्ट्यांच्या बाजूने, वरून, दीड-दोन फुटांवर. भात्याच्या बाजूला ठेवलात तर सुरांपेक्षा हवेची फुसफूसच जास्त येते. तिसरा आणि चौथा दायाँ आणि डग्ग्याला, वाजवणाऱ्याच्या समोरून, पुडीपासून वीतभर वर. गळ्याच्या माइकची पाठ तबल्याकडे करा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक पाठीमागचं सगळ्यात कमी उचलतो. गाणाराच पेटी वाजवत असेल तर दोन्ही माइकमध्ये दोन्ही आवाज येणारच. अशा वेळी गळ्याच्या माइकपासून पेटीचा माइक निदान ६० सेंटिमीटर दूर हवा, नाहीतर मिक्स करताना आवाज पोकळ होतो.

गेन लावताना तबलजीला ठेका नाही, जोरकस तिहाई वाजवायला सांगा. सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहू दे. गेन अगदी खाली आणूनही क्लिपचा, म्हणजे आवाज फाटल्याचा, लाल दिवा लागत असेल तर पॅड दाबा. ‘ना’ची टोकदार चाट एकदा क्लिप झाली की मिक्समध्ये दुरुस्त होत नाही. उलट, साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर वापरतात तसा, वीज न लागणारा) आणि हळू गाणारा गळा असेल तर गेन जवळजवळ पूर्ण वाढवावा लागतो आणि मागे सरसर ऐकू येते. म्हणून गळ्याला कंडेन्सरच बरा.

आता उणिवा. हेडफोनचं आउटपुट एकच आहे. तिघांना ऐकायचं तर बेहरिंगरचाच एचए ४०० हा चार हेडफोनचा छोटा अँप्लिफायर त्याला जोडा, आणि हेडफोन बंद कानांचेच घ्या; उघड्या हेडफोनमधला क्लिक (लयीसाठी लावलेली टिकटिक) गळ्याच्या माइकमध्ये शिरतो. ऐकण्यासाठीचं मोनो बटण दाबलेलं ठेवा, नाहीतर गळा एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात येते. फँटम पॉवरचं (कंडेन्सरला वायरीतूनच मिळणाऱ्या विजेचं) बटणही चारही इनपुटना मिळून एकच आहे. डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, पण जुना रिबन माइक लावायचा असेल तर जपून; या विजेने तो बिघडू शकतो.

हा नुसत्या यूएसबीवर चालत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण इंटरफेस बंद पडून टेक हातचा जाईल. छोटा यूपीएस लावाच. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा, इंटरफेसचा नाही.

घोडबंदर रोडच्या कडेच्या इमारतींत कंटेनरची घरघर खिडक्या बंद करूनही येते. गळा आणि पेटीच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज आवाज कापणारा फिल्टर) लावला की ती बरीच जाते. डग्ग्यावर मात्र लावू नका, त्याचा घुमारा तिथेच असतो. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे टेक छोटे घ्या. पावसाळ्यात दमट हवेने तबला उतरतो आणि कंडेन्सर कुरकुरतो. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा, आणि प्रत्येक टेकआधी तबला लावून घ्या.

सूर नेहमी पेटीचा धरायचा, कारण ती बसल्या जागी लावता येत नाही. जुन्या पेटीची काळी एक ट्यूनरशी जुळेलच असं नाही. नंतर भरायची गिटार पेटीच्या रेकॉर्डिंगवरच लावा. तिच्यासाठी इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायचं. विंडोजवर बेहरिंगरचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसचा आवाज कमी विलंबाने पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका. त्यातला बफर लहान ठेवला की आवाज उशिरा येत नाही, मोठा ठेवला की लॅपटॉपवरचा ताण कमी होतो; म्हणून रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४.