सांडलेलं तेल टिपायला काय चांगलं? घरातल्या वस्तूंचा आढावा

तेल सांडलं की हाताला लागेल तो कपडा टाकायचा, ही सवय सोडावी असं माझं ठाम मत झालंय. खाली राहणारा तेलकट थर दिसत नाही आणि त्यावरूनच पाय घसरतो. म्हणून घरातल्या वस्तू सारख्या वजनाच्या घेतल्या, तेलात बुडवल्या, निथळवल्या आणि पुन्हा काट्यावर ठेवल्या.

पहिला नंबर कापसाचा, त्यातही उशीत भरतात त्या साध्या, न धुतलेल्या कापसाचा. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असतं. पाण्याला तो दाद देत नाही, तेल मात्र ओढून घेतो. पाण्यावर तेलाचा तवंग असलेल्या वाडग्यात त्याचा पुंजका टाकला, तर तो तरंगत राहिला आणि कडेकडेने पिवळसर, अर्धपारदर्शक होत गेला. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस त्याच वाडग्यात पाणी पिऊन जड झाला, कारण त्यातलं मेण काढलेलं असतं. कोरड्या फरशीवर मात्र तोही उत्तम.

न विणलेल्या कापडासारखी दिसणारी पिशवी असते ना, पॉलिप्रॉपिलीनची? तिच्या तुकड्याने मला चकित केलं. जाडी कमी, त्यामुळे मोठं थारोळं तिला आवरत नाही. पण पाण्यावरचं तेल तेवढं नेमकं उचलते. समुद्रात तेलगळती झाली की वापरतात ते पट्टेही बहुधा याच प्लास्टिकचे असतात.

वर्तमानपत्र कामचलाऊ. चुरगळून टाकलं तर बरं; गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊच नये. टिश्यू झटपट पितो, पण उचलताना फाटतो.

मीठ या कामाला घेऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. मिठाचा कण स्वतः तेल शोषत नाही, कणांमधल्या फटीत ते नुसतं अडकून राहतं. वजनाच्या मानाने पीठही मागेच पडलं. फरशीच्या सांध्यात मात्र, जिथे कापड पोचत नाही, तिथे कॉर्नफ्लोअर भुरभुरावं, थोडं थांबून ब्रशने काढावं. छान निघतं.

शेवटचा पातळ थर पुसायला मायक्रोफायबरला तोड नाही. म्हणजे आधी कापूस, मग मायक्रोफायबर, मग भांड्यांचा साबण नि गरम पाणी. सुरुवातीलाच पाणी ओतलं तर तेल पसरतं. कढईतलं तापलेलं तेल असेल, तर ते गार होऊ द्या.

एक गोष्ट मनापासून सांगते: तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. काही तेलं, जवसाचं तर विशेष, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना तापतात आणि ढिगातली उष्णता बाहेर पडली नाही तर आग लागू शकते. चिंध्या मोकळ्या हवेत, सुट्या सुट्या पसरून वाळवा. मगच कचऱ्यात टाका.