प्रोपिलीन वाढवायचंय: रायझर तापवायचा की झेडएसएम-५ टाकायचं?

एफसीसी, म्हणजे रिफायनरीत जड तेल गरम कॅटॅलिस्टवर तोडणारं युनिट, त्यातून प्रोपिलीन (प्लास्टिकचा कच्चा माल) जास्त हवं असेल तर रायझरच्या, म्हणजे जिथे हे क्रॅकिंग होतं त्या उभ्या पाइपच्या, आउटलेटचं टेंपरेचर चढवा नाहीतर झेडएसएम-५ (बारीक छिद्रांचा झिओलाइट) अ‍ॅडिटिव्ह टाका, प्रोपिलीन दोन्हींनी वाढतं, पण सोबत गॅसमध्ये आणखी काय वाढतं ते बघून ठरवा.

टेंपरेचरचं काम झटपट. सेटपॉइंट बदलला की त्याच शिफ्टमध्ये फरक दिसतो, नाही जमलं तर परत खाली आणता येतं, शिवाय कन्व्हर्जन (फीडचं हलक्या मालात होणारं रूपांतर) वाढून स्लरी, म्हणजे तळाशी उरणारं जड तेल, तीही कमी होते. पण नुसत्या उष्णतेनं होणारं क्रॅकिंगही वाढतं आणि त्यातून मिथेन, इथेन, इथिलीन निघतं, म्हणजे ड्राय गॅस (ह्यात हायड्रोजनही येतो), जो बहुतेक रिफायनरीत शेवटी फर्नेसमध्ये जळतो. हा सगळा गॅस दाबून पुढे पाठवणाऱ्या वेट गॅस कॉम्प्रेसरचं दुखणं वेगळंच, त्याला वजनाशी नाही व्हॉल्यूमशी मतलब, आणि १ किलो हायड्रोजन जेवढी जागा घेतो तेवढ्यात २१ किलो प्रोपिलीन मावतं!

झेडएसएम-५ ची छिद्रं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची, त्यात पेट्रोलच्या रेंजमधले सरळ साखळीचे ओलेफिन (दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) शिरतात आणि तुटून प्रोपिलीन, ब्युटिलीन होतात, कोक (कॅटॅलिस्टवर साचणारा कार्बन) आणि ड्राय गॅस फारसा हलत नाही. ऑक्टेन वाढतो, पण पेट्रोल घटतं. जड रेणू आत शिरतच नाहीत त्यामुळे स्लरी कमी करायची आशा ह्याच्याकडून ठेवू नका. आणि बेस, म्हणजे मुख्य, कॅटॅलिस्टमध्ये रेअर अर्थ धातू जास्त असतील तर ते ओलेफिन आधीच सॅच्युरेट होतात (दुहेरी बंध जातो), मग अ‍ॅडिटिव्ह कितीही ओता. एकदा टाकलं की लगेच काढताही येत नाही, हळूहळूच उतरतं.

तुलना करताना एक गोष्ट हमखास राहते. रिजनरेटरमधून (जिथे कॅटॅलिस्टवरचा कोक हवेनं जाळतात) कॅटॅलिस्टबरोबर नायट्रोजन रिअ‍ॅक्टरमध्ये येतो, टेंपरेचर वाढवलं की सर्क्युलेशन वाढतं आणि तोही वाढतो, म्हणून जीसीचे (गॅसमध्ये काय किती आहे ते मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफचे) दोन रिपोर्ट शेजारी ठेवायच्या आधी नायट्रोजन वजा करून टक्केवारी नव्याने काढा, नाहीतर प्रोपिलीन आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

माझं स्पष्ट मत, कॉम्प्रेसर मर्यादेला टेकला असेल तर आधी अ‍ॅडिटिव्हच, मात्र थोडं थोडं, कारण वाढलेला एलपीजीही (प्रोपिलीन, ब्युटिलीन) त्याच कॉम्प्रेसरमधून जातो. स्लरी जास्त जातेय आणि कॉम्प्रेसरला जागा आहे, तर टेंपरेचर. आणि हायड्रोजन-मिथेनचा रेशो आधीच चढलेला असेल तर दोन्ही थांबवा, ते बहुधा फीडमधलं निकेल आहे, जे कॅटॅलिस्टवर बसून हायड्रोजन वाढवतं, आधी त्याला थोपवणाऱ्या अँटिमनीचा डोस बघा.