फीडिंग थेरपीचा आमचा अनुभव: ४ स्टार, एक टीव्हीमुळे कापला

मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. खाणं म्हणजे पार्ले-जी, दूध, पांढरा भात आणि पोळी, पोळीपण उलटीसुलटी करून बघतो, वास घेतो, एक जरी काळा डाग दिसला की ताट सरकवलं. वजन व्यवस्थित, त्यामुळे आधीचे डॉक्टर कायम म्हणायचे भूक लागली की खाईल झक मारत. नाही खात हो! दीड दिवस उपाशी राहिलाय.

शेवटी कोथरूडमधल्या एका सेंटरला गेलो (नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रार पण आहे). तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं. हिमोग्लोबिन ११.८ म्हणजे ठीक, आणि फेरिटिन फक्त ६! साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं. दिवसाला चार ग्लास दूध जायचं, आम्ही खूश की तेवढं तरी पोटात जातंय, पण दुधात लोह जवळपास नसतंच आणि वर पोट भरतं, ते अर्धा लिटरवर आणलं. मग हिरड्या बघितल्या, फळ नाही भाजी नाही म्हणून, अशा मुलांमध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा रोग) सापडलेली आहे म्हणे. मी तो खलाशांचा रोग म्हणून शाळेत पाठ केलेला! महागाच्या व्हिटॅमिनच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) द्यायचो त्याचं लेबल वाचायला लावलं, लोहाचं नावच नाही.

सगळ्यात पटलं ते हे की आवडत्या पदार्थात औषध लपवायचं नाही, कळलं तर तो पदार्थपण कायमचा जातो. त्यामुळे लोहाचे थेंब वेगळे, वरून लोह अंगी लागावं म्हणून गाळलेलं लिंबू सरबत. आणि नाचणीचं पीठ त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने कणकेत, दोन वाट्यांना पाव चमचा. अर्ध्या चमच्याला रंग ओळखला त्याने, परत पाववर आलो. चार महिन्यांत दोन चमचे झालेत, हसू नका. फेरिटिन आता १९.

तक्रार म्हणजे पहिल्या दिवशी रिसेप्शनवर छापील चार्ट हातात दिला, त्यात पालक सूप. पालक सूप खाणारं पोर असतं तर इथे कशाला आलो असतो. चाळीस मिनिटांचे १२०० रुपये, पाचची वेळ देऊन आत घेतलं सहाला, आणि वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्याने चालू, तोही या मुलांच्या ठिकाणी! पोरगा तासभर कान दाबून बसलेला. सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, तेव्हा टीव्ही बंद असतो.