हिवाळ्यातली जपानी मंदिरं: क्योटो की नारा?

क्योटोत मुक्काम ठेवायचा आणि नारा एका दिवसात उरकायचं, असाच बहुतेकांचा बेत असतो. एप्रिल किंवा नोव्हेंबरसाठी तो ठीक आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल, तर मुक्काम कुठे करायचा याचा जरा वेगळा विचार करून बघा. थंडीत मी दोन्हीकडे हिंडलो आहे आणि माझं मत बनलं ते मुख्यतः पायांमुळे.

आधी क्योटोची बाजू. नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर हिवाळ्यात तिथली गर्दी बरीच ओसरते. कियोमिझु-देरा बाराही महिने सकाळी सहाला उघडतं. थंडीत त्या वेळी तिथल्या उंच लाकडी सज्जावर मोजकीच माणसं असतात. एरवी बंद असलेली काही मंदिरं आणि दालनं हिवाळ्यात मुद्दाम खुली करतात, हेही मोठं आकर्षण. किंकाकुजीच्या सोनेरी मजल्यांवर बर्फ साचलेला फोटो मात्र डोक्यातून काढलेला बरा. शहरात तसा बर्फ फार थोडे दिवस पडतो, दुपारपर्यंत वितळतो आणि नेमकी त्याच सकाळी तिथे झुंबड उडते.

आता पायांकडे येतो. क्योटोच्या मंदिरांची खरी मजा आतच असते: चित्रं रंगवलेली सरकती दारं, ओसरीवरून दिसणाऱ्या बागा. आत जायचं ते बूट काढून. देवळाबाहेर चपला काढण्यातच आपला जन्म गेलेला, त्यामुळे तक्रार त्याची नाही. तक्रार त्या फळ्यांची आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुसून गुळगुळीत झालेल्या आणि खालून वारा खेळणाऱ्या. सान्जुसान्गेन्दोचा हॉल जवळपास १२० मीटर लांब. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. त्यांच्यापुढे २८ रक्षकदेवता, आणि त्यांत चक्क बासरी वाजवणारा गरुड! एकेका मूर्तीपुढे रेंगाळावं अशी ही जागा. मी निम्म्या वाटेतच पाय उचलायला लागलो, कारण बोटं बधिर झाली होती. गरुड परत एकदा बघायचा होता, तो राहिलाच. र्‍योआनजीची पंधरा दगडांची बाग तर ओसरीवर शांत बसून बघायची. जानेवारीत तिथे बसवत नाही. काही ठिकाणी स्लिपर ठेवलेल्या असतात, पण जिन्यात त्या पायातून निसटतात. शिवाय दिवसाला चार मंदिरं म्हणजे चार वेळा नाड्या सोडा, बांधा. परत घालताना बूटही आतून गारठलेले. तिसऱ्या मंदिराच्या दारात माझ्या मनात हटकून एकच विचार यायचा: हे बाहेरूनच बघितलं तर नाही का चालणार?

नारात हा विचार फारसा आला नाही. तोदाईजीत बूट घालून सरळ आत जायचं आणि सुमारे १५ मीटर उंच बुद्धाभोवती पूर्ण फेरी मारायची. ७५२ साली या मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी बोधिसेन नावाच्या, भारतातून गेलेल्या भिक्षूने केला होता. आजचा हॉल १७०९चा. होर्‍यूजीतही मुख्य मंदिरात बूट चालतात, आणि ते तर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. तिथल्या भित्तिचित्रांतल्या बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करत आले आहेत. अजिंठा बघितलेल्या माणसाला ते नातं सांगावं लागत नाही. मूळ चित्रं १९४९च्या आगीत होरपळली, तीही नकला करण्याचं काम चालू असताना. आज दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती. आग लागली ती तारीख २६ जानेवारी, म्हणजे आपल्या लक्षात राहायला सोपी. दरवर्षी त्या दिवशी तिथे आग विझवण्याची कवायत होते.

थंडीत दिवस लहान आणि मंदिरं साडेचार-पाचला बंद, ही अडचण दोन्हीकडे आहे. नारात मात्र त्यानंतरही तोदाईजीच्या वरच्या अंगाला असलेल्या निगात्सुदोच्या सज्जात जाता येतं. तिकीट नाही, दार बंद होत नाही, आणि संध्याकाळी तिथून सगळं शहर दिसतं.

नाराचे तोटेही आहेत. संध्याकाळी गाव लवकर झोपतं आणि शाकाहारी माणसाला जेवण शोधावं लागतं. कोफुकुजीचा पाच मजली पॅगोडा मोठ्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे. बागांच्या बाबतीत तर क्योटोशी तुलनाच नको. तुमचा ओढा बागांकडेच असेल, किंवा सोबतच्या मंडळींना रात्री बाजार हवा असेल, तर क्योटोच घ्या, मी हट्ट धरणार नाही. माझ्यापुरतं विचाराल तर थंडीत मुक्काम नारात. तिथून किन्तेत्सु या खासगी रेल्वेच्या लिमिटेड एक्स्प्रेसने क्योटो सुमारे ३५ मिनिटांवर आहे.

क्योटोच ठरवलंत, तर नाड्यांचे बूट घरी ठेवा आणि जाड लोकरी मोजे रोज पिशवीत असू द्या. सान्जुसान्गेन्दोला दुपारी जा, उन्हं वर आल्यावर. फक्त हिवाळ्यात ते चारला बंद होतं आणि प्रवेश त्याआधी अर्धा तास थांबतो.