मटण, घोळ आणि दह्याची बादली: मानहाइममधलं आमचं तुर्की दुकान

जर्मनीत नवीन आलेल्या मराठी कुटुंबाला जो तो इंडियन स्टोअरचा पत्ता देतो. त्यात वावगं काही नाही. पोहे, गूळ, साबुदाणा, पोळीची कणीक तिथंच मिळते. पण ती दोन-अडीच महिन्यांतून एकदा गाडी भरून आणायची खरेदी. रोजची भाजी, दही, कोथिंबीर, मसुरीची डाळ आणि रविवारचं मटण म्हणाल तर तुर्की दुकानाला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही राहतो मानहाइममध्ये, माझी नोकरी वाल्डोर्फला सॉफ्टवेअरमध्ये, आणि गाव कोल्हापूर. तेव्हा पुढं मटणावर जास्त लिहिलं गेलं तर समजून घ्या.

मानहाइमच्या मध्यवस्तीत बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. राजवाड्यासमोरचं जुनं शहर चौकोनांत आखलेलं आहे आणि पत्ता सांगायचा तो ‘एच ३’, ‘जी ४’ असा. पोस्टमन कसा हरवत नाही याचं मला पहिले काही महिने नवल वाटायचं. मार्क्टप्लाट्झ, म्हणजे बाजारचौक, जी १ मध्ये. तिथून थोडं चाललं की सोनाराच्या पेढ्या, नवरीच्या घेरदार कपड्यांची दुकानं, बेकऱ्या, किराणा, सगळं तुर्की लागतं. या भागाला लोक छोटं इस्तंबूलच म्हणतात. आमचं दुकान याच भागात आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही लिहिणार आहे आणि मला पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच जायचंय.

दुकानदार तिसऱ्या पिढीतला. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ ला कामगार भरतीचा करार झाला, त्यानंतर जी माणसं आली त्यांत त्याचे आजोबा. दोन-चार वर्षं कारखान्यात कमवायचं आणि परत जायचं असा बेत. १९७३ मध्ये जर्मनीनं भरती बंद केली, तेव्हा एकदा परत गेलं की पुन्हा येता येणार नाही म्हणून अनेकांनी बायका-मुलंच इकडं आणली. आता नातू अस्सल मानहाइमी बोलीत जर्मन आजीबाईंना वांगी विकतो. आम्हीही तीन वर्षांसाठीच आलोय असं मी त्याला सांगितलं होतं. तो इतका मोठ्यानं हसला की मटणवाल्यानं करवत थांबवून बघितलं.

आता मुद्द्याचं. जर्मन सुपरमार्केटात डुक्कर, गाय आणि कोंबडी यांनी भिंत भरलेली असते. मेंढीचं मांस म्हणजे न्यूझीलंडहून आलेली गोठवलेली मांडी, तीही प्लास्टिकमध्ये आवळलेली. तिचा रस्सा करायचा म्हणजे मनाचं समाधान. तुर्की दुकानात मात्र ताजं मिळतं आणि समोर कापून मिळतं. बोर्डावर ‘लाम’ लिहिलेलं असतं, म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. बोकड विसरा. कोकराच्या चरबीला एक उग्र वास असतो, तो आमच्या माणसांना खपत नाही. त्यावर उपाय असा की खांद्यावरचा पांढऱ्या चरबीचा थर मटणवाल्याकडूनच काढून घ्यायचा, आणि घरी आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी शिजवताना वास बराच कमी झालेला असतो.

मागताना खांदा मागा, हाडासकट. जोडीला मानेचे तुकडे. ‘कुशबाशी’ असं लिहिलेल्या ट्रेकडं बोट दाखवलं तर बिनहाडाचे चौकोनी तुकडे मिळतात. ते पुलावाला बरे, रश्श्याला निरुपयोगी. हाडासकट हवं तर जर्मनमध्ये ‘मिट क्नोखेन’ म्हणा किंवा तुर्कीत ‘केमिक्ली’ म्हणा, आणि तुकडा केवढा हवा ते बोटानं दाखवा. ‘करी’ शब्द उच्चारू नका, तो ऐकून मटणवाला स्वतःच्या डोक्यानं काहीतरी करतो. इथं सत्तूर नाही, विजेची करवत आहे. त्यामुळं हाडाचा बारीक भुगा मांसाला चिकटतो, म्हणून दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्यात टाकायचं नाही. हाडासकट खांदा किलोला पंधरा युरोच्या आगेमागे पडतो. स्वस्त नाही, पण कोल्हापुरातही आता स्वस्त कुठं राहिलंय. कलेजी मिळते, खिमा डोळ्यांदेखत काढून देतात. वजडीसुद्धा मिळते, तुर्की लोक तिचं सूप पितात; पण ती बहुतेक वेळा गाईची असते, तेव्हा विचारून घ्या.

इथं रविवारी दुकानं बंद, त्यामुळं रविवारचं मटण शनिवारी आणावं लागतं. रविवारी आवाजही बंद: भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई कानांनी तरतरीत आहेत, म्हणून खोबऱ्या-कांद्याचं वाटणही शनिवारी रात्री आठच्या आत उरकतो. कांदा-लसूण मसाला आईच्या हातचा, कोल्हापूरहून येतो. तो आणता येतो. तूप, पेढे, खवा आणायचं मात्र मनात आणू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.

दुकानातल्या दोन गोष्टी मी रश्श्यात वापरायला लागलो आणि त्यावर घरात वाद आहे. एक म्हणजे लाल मिरचीची पेस्ट, ‘बिबेर साल्चा’. ती गोडसर मिरचीची घेतली तर तांबड्या रश्श्याला असा रंग चढतो की पाहुणे तिखटाच्या भीतीनं आधी पाणी मागतात, आणि धाकटा मात्र तोच रस्सा भाताबरोबर ओरपतो. पेस्टमध्ये मीठ असतं, तेव्हा हात आखडता. दुसरी ताहिनी, म्हणजे वाटलेल्या तिळाची पेस्ट. पांढऱ्या रश्श्याला तीळ आणि खसखस लागते. जर्मन दुकानांत खसखस भरपूर, पण निळसर काळी, केकमध्ये घालतात ती; तिनं पांढरा रस्सा सिमेंटच्या रंगाचा होतो. (माझा चुलतभाऊ दुबईला आहे, त्याचं दुःख वेगळंच. तिथं खसखस जवळ बाळगायलाच बंदी.) इंडियन स्टोअरची पांढरी खसखस संपली की मी एक चमचा ताहिनी आणि थोडे काजू वाटून लावतो. ताहिनी जास्त झाली की कडसर लागतं. बायकोचं म्हणणं, हा पांढरा रस्सा नव्हे. ती सांगलीची आहे, तिच्या मताला मी एका मर्यादेपर्यंतच मान देतो.

भाजीचा विभाग बाहेर फुटपाथवर मांडलेला असतो आणि मटण न खाणाऱ्यांनाही तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. सुपरमार्केटात कोथिंबीर कुंडीत लावून विकतात, चार काड्या. इथं जुडी मिळते, दोन्ही हातांत मावणारी. पुदिना तसाच. लांब फिक्या हिरव्या मिरच्या दिसायला झणझणीत, चवीला नावालाच मिरची. आत बेसन भरून तव्यावर परतायला किंवा भज्यांना उत्तम, ठेच्याला बाद. भेंडी बोटाच्या पेराएवढी बारीक असते. भरायला जमत नाही, पण कोवळी असते.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना करमवायचं कसं, हा इथल्या प्रत्येक घरातला प्रश्न. संग्रहालयं, राईन नदी, हायडेलबर्गचा किल्ला, सगळं आईनं चेहऱ्यावर रेघ न हलवता पाहिलं. या दुकानात मात्र ती खुलली. भेंडीचं टोक मोडून बघितलं, आणि कुणी डोळे वटारले नाहीत. जर्मन दुकानात हे केलं असतं तर मला माफी मागावी लागली असती. मग एका खोक्यापाशी थबकून म्हणाली, “अरे, ही तर घोळ!” खरंच घोळ. लालसर देठ, मांसल गोल पानं. आपल्याकडं शेताच्या बांधावर फुकट उगवते; इथं ‘सेमिझोतू’ म्हणून जुड्या बांधून विकायला ठेवलेली. शेजारी उभ्या असलेल्या तुर्की बाईंनी खुणांनी सांगितलं की कच्चीच दह्यात घाला, लसूण लावून. आईनं खुणांनी सांगितलं की शिजवा, डाळ घालून. थोरली आधी दोघींमध्ये जर्मन-मराठी भाषांतर करत होती, मग तिला लक्षात आलं की दोघींनाही त्याची गरज नाही. गल्ल्यावरची मुलगी आईला ‘तेय्झे’ म्हणजे मावशी म्हणते, बायकोला ‘आब्ला’, ताई. आई तिला ‘बाळ’ म्हणायची. हिशेब सुरळीत चालायचे. आम्ही दोन्ही प्रकार करून बघितले, आणि दह्यातली घोळ मला जास्त आवडली. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

दह्याबद्दल. बादली पाच किलोची घ्या. तुर्की नावाचं असलं तरी बहुतेक दही जर्मनीतच तयार होतं. कढी, ताक, कोशिंबीर, सगळं निघतं. ‘सुझमे’ लिहिलेलं दही म्हणजे आधीच पाणी काढलेलं, दहा टक्के स्निग्धांशाचं. साखर, वेलची, केशर घालून फेटलं की पाऊण तासात श्रीखंड. पंचात बांधून टांगून ठेवायची भानगड नाही. जर्मन क्वार्कचंही (चक्क्यासारखं ताजं चीज) श्रीखंड करतात लोक, पण स्निग्धांश कमी असला की ते रवाळ लागतं. आणि रिकामी बादली? मराठी घरात ती कधी कचऱ्यात गेलीय का? आमच्याकडं एकीत तांदूळ, एकीत कपड्यांचे चिमटे, एकीत धाकट्याच्या लाकडी आगगाडीचे रूळ.

कोरड्या मालात मसूर डाळ चांगली. ‘लेब्लेबी’ म्हणजे भाजलेले हरभरे. त्यातले सालं काढलेले पिवळे घेतले की डाळ्याच्या जागी चिवड्यात आणि चटणीत चालतात, खारवलेले नाहीत एवढं बघा. ‘इर्मिक’ म्हणजे रवा, शिऱ्याला फर्मास. बुलगुर दलियासारखा दिसतो, पण तो आधीच उकडून वाळवलेला असतो, तेव्हा तुपात भाजून खमंगपणा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. संक्रांतीचे तीळ इथूनच घ्या. पिठाच्या नादी लागू नका, मैदाच असतो.

मुलं असलेल्यांसाठी एक सूचना. बऱ्याच जर्मन जेली-गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं म्हणून काही आईबाप वाढदिवसाच्या पिशव्यांत घालायला इथून हलाल जेली घेतात. ती हलाल असते, पण जिलेटिन गाईचं असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढचा आठवडा तोच विषय.

आता तक्रारी. निम्म्या मालावर किंमत लिहिलेली नसते. विचारलं की सांगतात, पण सांगतात ती प्रत्येक वेळी तीच असेल असं नाही. २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्या दुकानानं गिऱ्हाइकाला पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, इथं ती मागितल्याशिवाय हातात पडत नाही. एकदा बादलीचे पैसे दोनदा लागले होते आणि पावती नसल्यानं मला बराच वेळ हुज्जत घालावी लागली. परत दिले, पण तोंड वाकडं करून. दहा युरोच्या खाली कार्ड चालत नाही. कोथिंबिरीची जुडी सोडून आत बघा, मधल्या काड्या काळ्या पडलेल्या असतात. मटणाच्या काउंटरला टोकन नाही, रांगही नाही. नजरानजर करून नंबर लावावा लागतो. मिरजेच्या बसस्टँडवर चढायची सवय असलेल्याला ते जमतं, पण माझ्या जर्मन सहकाऱ्याला मी पाठवलं तर तो रिकाम्या हातानं परत आला. बाबागाडी घेऊन शनिवारी दुपारी आत शिरायचं धाडस करू नका, दोन मांडण्यांमधून ती वळत नाही. रमझानमध्ये संध्याकाळी सूर्यास्ताआधीचा तास तर टाळाच, गरम पिदेसाठी, म्हणजे तुर्की चपट्या पावासाठी, रांग रस्त्यापर्यंत येते. पिदे मात्र त्या महिन्यात खाल्लीच पाहिजे. दुपारी लवकर गेलात तर धक्काबुक्कीविना मिळते.

खरेदी होईपर्यंत मुलं कंटाळतात, त्यावर लाच आहे. स्पॅगेटी आइस्क्रीम याच शहरात जन्मलं. १९६९ मध्ये दारिओ फोंतानेला यांनी व्हॅनिला आइस्क्रीम सोऱ्यासारख्या साच्यातून दाबून त्याच्या शेवया पाडल्या आणि वर स्ट्रॉबेरीचा लाल रस ओतला. दुकानापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर मिळतं. आमच्याकडं नियम असा की आधी मटण, मग आइस्क्रीम; उलट केलं तर मटणवाल्याकडचा खांदा संपलेला असतो.

शनिवारी सकाळी दहाला जा. पाच पैकी चार गुण देतो. पाचवा बोकडासाठी राखून ठेवलाय. गाडी आणू नका, पार्किंगगृहाचे पैसे कोथिंबिरीपेक्षा जास्त होतात. ट्रामनं या, आणि दोन धड पिशव्या आणा, कारण इथली प्लास्टिकची पिशवी पाच किलो दह्याचं वजन पेलत नाही.